वडील काय करतात?

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमली, की चकलीच्या खालोखाल कुरकुरीत लागणारी वस्तू म्हणजे आरक्षणावरचा वाद. तो कोणी मुद्दाम वाढावा लागत नाही. बशा रिकाम्या होत आल्या, की आपोआप पुढे येतो. गेल्या दिवाळीत आमच्या बारामतीच्या घरीही तो आला. भाऊबिजेसाठी बहीण आली होती आणि तिच्याबरोबर माझा भाचा. तो पुण्याला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मुलगा हुशार, मनाचा चांगला. पण या विषयावर त्याचे मत पक्के.

"मामा, मला कोणाचे वाईट चिंतायचे नाही," लाडवाचा तुकडा मोडीत तो म्हणाला, "पण नोकरी गुणवत्तेवर मिळायला हवी. एवढेच माझे म्हणणे."

यावर नाही कोण म्हणणार? मीही मान डोलावली. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, "तुला कशी रे मिळाली ही नोकरी?"

"रेफरलवर, मामी. माझा कॉलेजातला मित्र तिथे होता. त्याने माझे नाव आत दिले. आमच्याकडे तशी पद्धतच आहे."

"म्हणजे वशिला?"

"छे, छे! मुलाखत अगदी रीतसर झाली की!"

सगळे हसले आणि बोलणे दुसरीकडे वळले. वशिला म्हटले, की माणसाला कमीपणा वाटतो. रेफरल म्हटले, की ती पद्धत होते. पण ते असो. त्या 'रीतसर' शब्दाने मला मात्र दुसऱ्याच एका मुलाखतीची आठवण झाली. तीही अगदी रीतसर झाली होती. ती आज सांगतो.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका महाविद्यालयात मराठीच्या सहायक प्राध्यापकाची एक जागा भरायची होती आणि निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावणे आले होते. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. सांगण्याची जरूरही नाही, कारण त्या दिवशी जे चुकले ते माझ्या हातून चुकले. जागा खुल्या प्रवर्गातली होती. खुली जागा म्हणजे कोणत्याही जातीच्या उमेदवाराला खुली असलेली जागा. हे खरे तर सांगायला नको. परंतु पुष्कळांना ती आपल्यासाठी राखून ठेवलेली वाटते, म्हणून सांगून टाकतो.

व्हरांड्यात उमेदवार बसले होते. इस्त्रीचे कपडे, मांडीवर प्रमाणपत्रांची फाईल आणि दार उघडले की एकदम वर होणाऱ्या नजरा. तिसरी आली ती इंदापूर तालुक्यातली एक मुलगी. एम.ए.ला पहिला वर्ग, नेट उत्तीर्ण. अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला आणि अगदी मायेने विचारले, "बस बाळ. वडील काय करतात?"

"मेंढपाळ आहेत, सर. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकनात उतरतात, ते पावसाच्या तोंडावर परत येतात."

कोणी हसले नाही. उलट सगळ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. आणि घोटाळा झाला तो तिथेच. सहानुभूती ही मोठी फसवी वस्तू आहे. ती एकदा दाखवली, की आपण उदार आहोत असे माणसाला वाटू लागते आणि मग गुण देताना हात आखडला तरी मन खात नाही.

मी तिला लोकसाहित्यावर प्रश्न विचारला. धनगरी ओव्यांविषयी ती जे बोलली, ते मला कोणत्याही पुस्तकात सहजी सापडले नसते. सुंबरान कसे मांडतात, एकाने सोडलेली ओवी दुसरा कशी उचलतो, कथा पुढे सरकताना ढोलाचा ठेका कुठे बदलतो, हे तिने बोटांनी टेबलावर ताल धरून सांगितले. पण सांगताना ती 'पाणी'ला 'पानी' म्हणाली, 'कोण'ला 'कोन' म्हणाली. माझ्यापुढच्या कागदावर 'भाषेवरील प्रभुत्व व उच्चार' असा एक रकाना होता. त्यात मी दहापैकी चार लिहिले.

तिच्यानंतरच्या उमेदवारालाही तोच प्रश्न झाला. त्याचे वडील निवृत्त प्राचार्य होते. "अरे वा! म्हणजे तुम्ही अमक्यांचे चिरंजीव!" पुढची चार मिनिटे त्याच्या वडिलांच्या आठवणींत गेली. उमेदवार खुर्चीत सैल झाला, हसला, मोकळेपणाने बोलू लागला. ओव्यांवर त्याने पाठ केलेले उत्तर दिले. पण त्याचा 'ण' अगदी जागच्या जागी होता. त्याला त्याच रकान्यात मी आठ दिले. निवड त्याची झाली. एकूण बेरजेत त्या दोघांत तीन गुणांचे अंतर होते, आणि माझ्या एका रकान्यात चार गुणांचे.

कोणी पैसे घेतले नाहीत. कोणाची चिठ्ठी आली नाही. कोणी कोणाची जात विचारली नाही. मुलाखत रीतसर झाली.

परतताना एसटीत मला माझेच वर्गातले शब्द आठवू लागले. मी दरवर्षी मुलांना शिकवतो, की प्राकृतात संस्कृतातल्या 'न'चा 'ण' होतो. 'नगर'चे माहाराष्ट्रीत 'णअर' होते. संस्कृत नाटकात राजा बोलतो त्यात 'न' असतो आणि दासी बोलते त्यात 'ण'. म्हणजे ज्या 'ण'साठी मी त्या मुलीचे गुण कापले, तो 'ण' एके काळी साध्यासुध्या माणसांच्या तोंडचा होता! आज राजाच्या बाजूला 'ण' आहे आणि दासीच्या बाजूला 'न'. अक्षर बदलले, राजा आणि दासी तिथेच राहिली. कोणी म्हणेल, मराठीच्या प्राध्यापकाला प्रमाण उच्चार यायला नको का? यायला हवा. पण तो चार-सहा महिन्यांच्या सवयीने येतो. ओवीची तशी जाण चार-सहा महिन्यांत येत नाही. ज्या विद्येला मी अभ्यासक्रमात मानाचे पान देतो, ती विद्या जिच्या घरात नांदते आहे तिला मी उच्चारासाठी मागे ठेवले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. वीस वर्षांपूर्वी मी उमेदवार म्हणून बसलो होतो, तेव्हा हाच प्रश्न मलाही विचारला गेला होता आणि "अरे वा, मास्तरांचा मुलगा!" असे उत्तरही मिळाले होते. घशाला पडलेली कोरड त्या एका वाक्याने गेली. त्या 'अरे वा'ला किती गुण होते, कोण जाणे! मी मात्र आजवर असेच धरून चाललो होतो, की नोकरी मला निव्वळ गुणवत्तेवर मिळाली.

गुणवत्तेचा हा गुंता उलगडायला आमच्या भागात ग्रंथ लागत नाहीत. नीरा डावा कालवा पुरतो. इंग्रजी अमदानीत दुष्काळाला तोंड देण्यासाठी तो काढला आणि १८८५ साली सुरू झाला. कालव्याखाली ऊस उभा राहिला, पुढे साखर कारखाने आले, पाठोपाठ शाळा आणि कॉलेजे आली. बारामतीच्या उत्तर अंगाला आणि इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात मात्र माणसे पावसाकडे डोळे लावून ज्वारी-बाजरी पेरीत राहिली, मेंढरे राखीत राहिली. बागायतदाराने कष्ट केले नाहीत असे कोण म्हणेल? उन्हातान्हात राबल्याशिवाय ऊसही येत नाही. पण दोघांचा एकरी उतारा शेजारी शेजारी मांडून, "बघा, हा कर्तबगार आणि तो आळशी," असे कोणी म्हणू लागला, तर आमच्याकडचा लहान पोरगाही विचारील, "पण पाट कोणाच्या शेतातून गेलाय?"

घरातली पुस्तके, वडिलांची ओळख, जिभेवरचा 'ण' हे सगळे पाटाचे पाणी आहे. ते ज्याच्या शेतात येते त्याला ते पाऊसच वाटते.

हे सर्वांत आधी आणि सर्वांत स्वच्छ ओळखले ते कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी. १८९४ साली ते गादीवर आले, तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण कारभारातल्या ७१ जागांपैकी ६० जागा एकट्या ब्राह्मण समाजाकडे होत्या. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावर असतानाच, संस्थानचा हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. १९१२ पर्यंत ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ उरल्या. हुकूम काढून महाराज स्वस्थ बसले नाहीत; निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे उभी केली. जागा राखायची आणि त्या जागेवर बसणारा घडवायचाही, अशी ती दुहेरी रीत होती.

आता कोणी म्हणेल, की गुण असला तर तो झाकला थोडाच राहतो? याचे उत्तर बडोद्यात सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत ते उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथूनही बाहेर काढले. अखेर नोकरी सोडून ते मुंबईला परतले. विद्येत काही उणे होते काय? म्हणूनच त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने घडवलेल्या घटनेत नुसती 'सर्वांना समान संधी' असे लिहून कोणी थांबले नाही. सोळाव्या कलमातच मागासवर्गांसाठी जागा राखण्याचा अधिकार राज्याला दिला.

तेव्हापासून आपण भांडतो ते टक्क्यांवर. महाराष्ट्राच्या २००१ च्या कायद्याने मागासवर्गांसाठी ५२ टक्के जागा ठेवल्या. त्यात धनगर समाज भटक्या जमातींच्या 'क' गटात, साडेतीन टक्क्यांत येतो. अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून २०१४ च्या जुलैत या समाजाचे मोठे उपोषण झाले ते आमच्या बारामतीतच. मराठा समाजासाठी २०१८ साली कायदा झाला, २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, २०२४ साली दहा टक्क्यांचा नवा कायदा आला. इतर कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्या गरिबांसाठी २०१९ साली घटना दुरुस्त करून दहा टक्के जागा ठेवल्या गेल्या. या प्रत्येक मागणीमागे खरी माणसे आहेत, हे मी नाकारीत नाही. खुल्या प्रवर्गातल्या कारकुनाच्या मुलाला दोन गुणांनी जागा हुकते, तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांतले पाणीही खरेच असते. तिला इतिहास सांगून तिची समजूत पटत नाही.

परंतु टक्का ठरला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. कालव्याच्या पाण्याला जशी शेजपाळी, तशी नोकरीला बिंदुनामावली. कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची, याची ती ठरलेली यादी असते. आणि शेजपाळी कागदावर कितीही चोख असली, तरी टेलच्या शेतकऱ्याला विचारा, पाणी पोचते का! २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाने असे ठरले, की प्राध्यापकांच्या जागा मोजताना सबंध विद्यापीठ न धरता एकेक विभाग वेगळा धरायचा. मग तेरा बिंदूंच्या यादीत इतर मागासवर्गाची पहिली पाळी चौथ्या जागेला, अनुसूचित जातीची सातव्या जागेला आणि अनुसूचित जमातीची चौदाव्या जागेला. तीन प्राध्यापकांच्या विभागात चौथी जागा कधी यायची? कागदावर टक्के जसेच्या तसे, आणि पाणी टेलला पोचणारच नाही, असा तो हिशेब होता. देशभर ओरड झाली आणि २०१९ साली संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांत पुन्हा सबंध संस्था हाच हिशेबाचा घटक ठरवला.

एवढे होऊनही शेवटी उरते ती बंद दाराआडची खोली. राखीव जागेचा उमेदवार तिथवर पोचला, तरी 'योग्य उमेदवार आढळला नाही' एवढा शेरा मारून जागा रिकामी ठेवता येते. खासगी नोकरीत तर बिंदुनामावलीही नाही; आणि पुष्कळदा खोलीपर्यंत बोलावणेच येत नाही. आपल्या अमरावतीकडचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेचे पॉल ॲटवेल यांनी याची परीक्षा घेतली; २००७ साली ती प्रसिद्ध झाली. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी. फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याचा संभव दोन-तृतीयांश निघाला आणि मुसलमान नावाला एक-तृतीयांश. अमेरिकेत २००४ साली असाच प्रयोग प्रसिद्ध झाला होता: गोऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक बोलावणे, काळ्या नावाला पंधरांमागे एक. अर्ज वाचणारी ती माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. तीही माझ्यासारखीच असतील. मायेने पाण्याचा पेला पुढे करणारी.

'वडील काय करतात' हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला होता. खटला नोकरीचा नव्हता, श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशाचा होता. पण मुद्दा तोच. लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५०. विद्यार्थ्यांची तक्रार अशी, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि विचारले काय, तर आईबाप कोण आणि राहता कुठे! १९८० च्या नोव्हेंबरात न्यायालयाने निकाल दिला: मुलाखतीला एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे होईल, शिवाय मुलाखत ध्वनिमुद्रित केली तर बरे. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणींतल्या बहुतेक जागांच्या मुलाखती बंदच केल्या.

प्राध्यापकाच्या बाबतीत मुलाखत अजिबात नको, असे मी म्हणणार नाही. वर्गात उभा राहणारा माणूस पाहिला पाहिजे, ऐकला पाहिजे. पण त्या प्रसंगानंतर मी स्वतःपुरते चार नियम करून घेतले आहेत. विषयतज्ज्ञ म्हणून जाताना ते मी समितीपुढे ठेवतो. कधी ऐकले जातात, कधी नाही. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे. प्रत्येक सदस्याने आपले गुण कोणाशीही बोलण्याआधी लिहून टाकायचे. अर्धा वेळ तरी प्रत्यक्ष पाठ घ्यायला लावायचे, कारण फळ्यापुढे उभे राहिल्यावर वडील उपयोगी पडत नाहीत. आणि आईवडिलांविषयी अवाक्षर काढायचे नाही, मायेनेसुद्धा नाही. एका समितीत मी हे सांगितले, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य हसून म्हणाले, "अहो, मग बोलायचे तरी काय?" या प्रश्नातच सगळे आले.

त्या मुलीची पुन्हा गाठ पडली ती गेल्या वर्षी, इंदापूरच्या एसटी स्टँडवर. तिने ओळखले, मी जरा उशिरा ओळखले, किंवा ओळखायला उशीर लावला. ती दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळी इथे, दुपारी तिथे. सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. तक्रारीचा सूर मात्र नव्हता. म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही ओव्यांवर विचारलंत ना, फार बरं वाटलं होतं. तसं कोनी विचारत नाही."

त्या रकान्यातल्या चार गुणांविषयी मला तिला सांगता आले नाही. निमगावची गाडी लागली आणि ती निघून गेली. या पानावर लिहितो आहे, ते खरे म्हणजे तिथे बोलायला हवे होते.

भाचा यंदाही येणार आहे. परवा फोनवर सांगत होता, की आता तोच नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. मी म्हटले, "काय विचारतोस रे त्यांना?"

"आधी जरा घरचे विचारतो, मामा. म्हणजे पोरे मोकळी होतात."

"सगळीच होतात का?" मी विचारले.

तो जरा थांबला. म्हणाला, "तसा विचार केला नव्हता. फराळाला आलो, की बोलू."

चकल्या यंदा जरा जास्त करायला सांगितल्या आहेत.